सावलीच्या कडेची रेघ

नूरूमामा पिंजारी आमच्या शेजारी राहत नसता तर मी बरा माणूस झालो असतो, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. मनात मी त्याला एकेरीच म्हणायचो. तोंडावर 'मामा, या की, बसा की' आणि पाठ वळली की 'निघाला बघ मिरवायला'. लिहितानासुद्धा ती सवय सुटत नाही, तर राहू दे तशीच.

मंगळवार पेठेत आमच्या दोघांच्या परसांमध्ये छातीएवढी एक भिंत होती. भिंत त्याची, चुन्यानं रंगवलेली. पलीकडं तो गाद्या भरायचा, धनुकलीनं कापूस पिंजायचा. अलीकडं मी, बी. एस्सी. ॲग्री, एका शेतकी संघाच्या खत विभागात नोकरीला. सत्तर सालच्या आसपासची ही गोष्ट. युरियाची तेव्हा नवलाई होती. संघाच्या जीपमधून मी मुरगूडकडं गेलो की शेतकरी 'खतसाहेब आले' म्हणून घोंगडं अंथरायचे, चहा सांगायचे, उसाला किती आणि भाताला किती ते कागदावर लिहून घ्यायचे. आणि आमच्या गल्लीत? कुणाचं लिंबू पिवळं पडलं, कुणाचा नारळ गळायला लागला, की बाया माझ्या दारावरनं सरळ पुढं जायच्या आणि नूरूमामाच्या दारात उभ्या राहून हाका मारायच्या. माझ्या दारावर नावाची पितळी पाटी होती. खाली पदवी कोरलेली. बायको ती दर शनिवारी चिंचेनं घासायची. त्या पाटीत तोंड बघून बाया पदर नीट करायच्या आणि पुढं जायच्या.

नूरूमामाला अक्षर म्हणून येत नव्हतं. उंच, वाळकुडा माणूस, भुवयांत आणि दाढीत कायम कापसाचे तुसे अडकलेले. कुठल्याही झाडाजवळ गेला की पहिल्यांदा त्याला हात न लावता नुसता उभा राहायचा. मग खिशातनं कापसाचा एक बोळा काढायचा, पानाच्या मागं धरायचा आणि पान निरखायचा. पांढऱ्यावर पानाचा खरा रंग कळतो म्हणे. मग मूठभर माती उचलून दाबायची, फोडायची, हुंगायची. एवढं झाल्यावर बोलायचा, ते पण झाडाच्या मालकाशी नाही, झाडाशीच बोलल्यासारखं.

"भूक न्हाई ह्याला. रागावलंय नुसतं. पाणी कुटं साचतंय बघा जरा."

खत द्या म्हणून तो क्वचितच सांगायचा. आजारी झाडाला तर कध्धीच नाही. "ताप आलेल्या मानसाला मटनाचं ताट देता व्हय तुमी? आदी ताप उतरू द्या की." बायांना हे पटकन कळायचं. मी नत्र, स्फुरद, पालाश असं समजावून सांगायला लागलो की त्यांना चुलीवरचं दूध आठवायचं.

सगळ्यात जास्त राग मला त्याच्या एका गोष्टीचा यायचा. खत द्यायची वेळ आलीच तर तो भर बारा वाजता यायचा. झाडाची सावली जिथं संपते तिथं पायताणाच्या टाचेनं जमिनीवर रेघ ओढत झाडाभोवती फिरायचा. पुरता गोल. त्या रेघेवर वीतभर खोल चर काढायला लावायचा, त्यात शेणखत, पेंड आणि वर चिमटी-चिमटीनं युरिया. "खोडाजवळ झाडाचं तोंड नसतंय. तोंड हितं असतंय, कडंला." अगदी बरोबर. शास्त्र हेच सांगतं. मी स्वतः संघाच्या पत्रकात हे छापलं होतं, आणि ह्या अंगठेबहाद्दराला ते आपोआप सुचावं? मी चार वर्षं कॉलेजात कशासाठी घालवली मग?

त्या पत्रकांचं पण सांगून टाकतो. 'फळझाडांना खत कसे द्यावे' असलं काहीतरी दर दोन-तीन महिन्यांनी मी लिहायचो आणि संघ ते पिवळ्या कागदावर छापायचा. जीव ओतून लिहायचो. गल्लीत घरोघर वाटायचो. पुढच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानात त्याच कागदात भडंग बांधून मिळायचं. आमच्या घरी आबा, म्हणजे माझे वडील, गठ्ठ्यातलं एकेक पत्रक उचलून न्यायचे. मला वाटायचं, ट्रंकेत अंथरायला नेतात. आबा पोस्टमन होते, रिटायर झालेले. छापील कागद टाकवत नसायचा त्यांना.

आबांचं आणि नूरूमामाचं रोज दुपारी बसणं होतं. जेवण झालं की आबा पलीकडं जायचे, ते चारला यायचे. भिंतीपलीकडनं त्यांची कुजबूज ऐकू यायची, मध्येच नूरूमामाचं मोठ्यानं हसणं. माझ्यावरच हसत असणार, ह्यात मला तिळमात्र शंका नव्हती. हसायला कारण होतंच. आमच्या परसात हापूसचं एक कलम होतं. माझा बी. एस्सी.चा निकाल लागला त्याच दिवशी आबांनी ते लावलं होतं. 'पोराच्या निकालाचं झाड' असंच म्हणायचे त्याला. सात-आठ वर्षं झाली, पानं कशी म्हशीच्या कानाएवढी, हिरवीगार, आणि मोहराचा पत्ता नाही. पलीकडं नूरूमामाचा चिक्कू वर्षातनं दोनदा वाकायचा. वाकायचा तो पण आमच्या बाजूला, मुद्दाम केल्यासारखा.

"बाळू," आबा म्हणायचे, "ह्या झाडाचा एक आंबा खाल्ला की मी मोकळा बघ. मग देव कवा का बोलावना."

एवढंच म्हणायचे. मला ते बोचायचं. साऱ्या जिल्ह्याला खत सांगत फिरतोस आणि बापाला एक आंबा खायला घालता येत नाही तुला, असं मला त्यातनं ऐकू यायचं. मग मी झाडाला आणखी एक ओंजळ युरिया घालायचो.

त्यात वकिलीणबाईंच्या लिंबाचं झालं. त्या आमच्या मागच्या बोळात राहायच्या. गल्लीत मला विचारणारी ती एकच शिकलेली बाई. लिंबाला फळ धरत नव्हतं, मी खताचं वेळापत्रक करून दिलं, टाईप करून. झाड असं माजलं की वाळत घातलेलं धुणं काट्यांत अडकून फाटायला लागलं, पण लिंबू म्हणाल तर नाव नाही. शेवटी बाईंनी नूरूमामाला बोलावलं. त्यानं पानामागं बोळा धरला आणि म्हणाला, "लई लाड झाल्यात ह्याचं. सगळं बंद करा. खत बी बंद, पानी बी बंद. म्हैना-दीड म्हैना बगू बी नगा त्याच्याकडं." पानं मलूल पडली, गळली, बाई घाबरल्या. मग एक दिवस त्यानं बेतानं पाणी सोडलं आणि पंधरा दिवसांत झाड फुलांनी पांढरं झालं. हा ताण देण्याचा प्रकार मला ठाऊक नव्हता असं नाही हो. परीक्षेत लिहिलेला होता मी. पण तिथं सुचायला पाहिजे ना!

बाईंनी नूरूमामाला लोणच्याची बरणी पाठवली. त्यातलं वाटीभर त्यानं भिंतीवरनं आमच्याकडं दिलं. मी शिवलोसुद्धा नाही. आबांनी बोटं चाटून खाल्लं आणि वर म्हणाले, "काय हात हाय गड्याचा!" त्या दिवशी मी ठरवलं, ह्याचं गुपित काढायचंच.

गुपित असणारच, आणि ते हुपरीत आहे, असं माझं पक्कं मत झालं होतं. कारण दर सोमवारी नूरूमामा हुपरीच्या गाडीनं जायचा आणि दुपारी परत यायचा. येताना छातीशी धरलेली जाड मांजरपाटाची पिशवी, लहानशीच पण जड. कुणी वाटेत थांबवलं तर एरवी तासभर बोलणारा हा माणूस त्या दिवशी "येतो, येतो" म्हणत सटकायचा. घरात शिरला की दार बंद. मग परसात येऊन चिक्कूच्या बुडाशी हातपाय धुवायचा. हे मी भिंतीच्या भेगेतनं स्वतः बघितलं होतं. हुपरी म्हणजे चांदीचं गाव, घरोघरी पैंजणाच्या भट्ट्या. भट्टी आली की राख आली. राखेत पालाश असतो. जुळलं की नाही सगळं? मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं.

संघाच्या कामाचं निमित्त काढून मी हुपरीला गेलो. एका भट्टीवाल्याकडं राख मागितली. तो माझ्याकडं बघतच राहिला.

"पावणं, ह्यात चांदीचा कण ऱ्हायला न्हाई बरं का. धुऊन झाल्याली राख हाय ही."

"चांदी नको मला. प्रयोग करायचाय. झाडाला."

"झाडाला? आवो, ह्यात टाकणखार हाय, तेजाब सांडल्यालं हाय. मुंगी बी फिरत न्हाई ह्याच्यावर."

मी मान हलवली, जसं काही हे मला आधीच माहीत होतं. आणि माहीत होतंच की! टाकणखार जास्त झाला तर झाडाची पानं करपतात, हे मी दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर झोपेतसुद्धा सांगितलं असतं. राखेला आंबूस, नाकात चढणारा वास येत होता. पण नूरूमामाच्या चिक्कूला चालते ती आपल्या आंब्याला का चालणार नाही, एवढंच डोक्यात. दोन डबे भरून घेतले.

गुरुवारी दुपारी आबा देवळात गेले होते, नूरूमामा गाद्या पोचवायला गेला होता. मी ती सगळी राख आंब्याला घातली. चर काढायला वेळ कुठं होता? घातली ती थेट बुंध्याशी. वर आपली युरियाची ओंजळ, आणि घागरभर पाणी. हात धुतले आणि गुमान घरात येऊन पेपर वाचत बसलो.

आठ दिवसांत पानांच्या कडा करपल्या. तिसऱ्या आठवड्यात झाड खालनं वर गळायला लागलं. आबा सकाळी उठून परसात जायचे आणि गळलेली पानं एकेक करून वेचायचे. काही विचारायचे नाहीत मला. रागावले असते तर बरं वाटलं असतं. जेवताना दोन घास खाऊन ताट सारायचे. मी मनात म्हणायचो, आबा, झाड गेलं तर मी काय करू, कुठं तोंड लपवू? आणि तोंडानं म्हणायचो, "रोग आहे काहीतरी. औषध आणतो संघातनं."

एक दिवस मी कामावरनं आलो तर नूरूमामा आमच्या परसात. आबा बाजूला काठी टेकून उभे. 

त्यानं पानामागं कापसाचा बोळा धरला. खाली बसला. बुंध्याची माती उचलली, दाबली, नाकाशी नेली. आणि थांबला. मान वळवून माझ्याकडं बघितलं. एकदाच. दर सोमवारी हुपरीला जाणारा माणूस तो, तो वास त्याला ओळखू येणार नाही व्हय? मी खांबाला धरून उभा राहिलो. आता हा सांगणार, आबांच्या देखत सांगणार, आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीत होणार.

"आबा," तो म्हणाला, "माझ्या भिंतीचा चुना उतारलाय रं हितं. औंदा रंगवताना लई सांडला गड्यांनी. चूक माझी हाय."

"चुन्यानं असं हुतंय?" आबा म्हणाले.

"हुतंय की. तू आत जा, उनात हुबा ऱ्हाऊ नगंस. सायेब हायत न्हवं मदतीला."

आबा आत गेले. नूरूमामानं मला खोरं दिलं, स्वतः पाटी घेतली. दोन दिवस आम्ही बुंध्याची माती उकरत होतो, मुळं न दुखावता, हातानं. पाट्या भरून ती गावाबाहेर नेऊन टाकली. आडाचं पाणी शेंदून मुळं धुतली, पुन्हा पुन्हा. मग त्याच्या परसातली माती आणून भरली. वर त्यानं जुन्या गाद्यांमधला कुजका कापूस अंथरला, ओल टिकायला. त्या दोन दिवसांत तो त्या राखेबद्दल एक चकार शब्द बोलला नाही. मीच वाट बघत होतो, हा कधी बोलतोय. शेवटी हात धुताना मीच विचारलं, "मामा, दर सोमवारी हुपरीहून काय आणता तुम्ही?"

तो हसला. मला हाताला धरून त्याच्या घरात घेऊन गेला. आतल्या खोलीत मामी आणि त्यांची मुलगी फरशीवर बसल्या होत्या. मध्ये ती मांजरपाटाची पिशवी उघडी आणि समोर पैंजणांचा ढीग. दोघी पैंजणांना घुंगरं जोडत होत्या.

"व्यापाऱ्याची चांदी हाय. पोरीच्या लग्नासाठी करत्यात काम. गल्लीत कळाय नगं, जोखीम असत्या. तुमी बोलू नगा कुटं."

"आणि... चिक्कूच्या बुडाशी हात का धुता?"

"मग कुटं धुऊ? पानी वाया घालवू व्हय?"

माणसानं अशा वेळी ओशाळावं, पाया पडावं. मला काय वाटलं सांगू? मी आणखी जळलो. आतापर्यंत तो नुसता झाडांत माझ्यापेक्षा बरा होता. आता माणूस म्हणूनही बरा निघाला, आणि ते मला एकट्यालाच ठाऊक. कुणाला सांगायची सोय नाही.

"वरीसभर कायबी घालू नगा ह्याला," जाताना त्यानं मला बजावलं. "हात शिवशिवलं तर खिशात घाला."

मी हात खिशात घातले. पहिलं वर्ष झाड नुसतं जगलं. दुसऱ्या वर्षी पालवी आली. मग पावसाळ्याच्या तोंडाला नूरूमामानं सावलीच्या कडेनं टाचेची रेघ ओढली आणि चरात बेतानं खत घातलं. तिसऱ्या वर्षी मोहर आला आणि अकरा आंबे टिकले. पहिला पिकला तो आबांनी स्वतः कापला. अर्धा आपल्याला ठेवला, अर्धा बशीत घालून माझ्या हातात दिला.

"नूरूला देऊन ये."

मला वाटलं होतं, तो अर्धा मला असेल. बशी घेऊन मी पलीकडं गेलो. नूरूमामा कोय चोखत म्हणाला, "झाड ब्येस हाय तुमचं." मी रिकामी बशी घेऊन परत आलो.

आबा पुढच्या थंडीत गेले. झोपेत गेले, कुणाला त्रास न देता. नूरूमामा मयतीला सगळ्यात पुढं होता. त्यानंतर दुपारी भिंतीपलीकडं कुजबूज नाही, हसणं नाही. तोवर त्याच्या मुलीचं लग्न हुपरीलाच झालं होतं. पेठेत कापूस पिंजायची मशीन आली, हाताचं काम बसलं, मामी पण वारली. आबा जाऊन सात-आठ वर्षं झाली आणि एक दिवस कळलं, मामा घर विकून लेकीकडं चालला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यानं भिंतीवरनं हाक मारली. "बाळू, ये रं जरा." पहिल्यांदाच त्यानं मला सायेब म्हटलं नव्हतं. खोली रिकामी होती. त्यानं ट्रंकेतनं एक बाड काढलं, गादी शिवायच्या दोऱ्यानं बांधलेलं. सोडलं. आत पिवळे कागद. माझी पत्रकं. एकूण एक, वर्षावर्षाची, कडा दुमडलेली, वर तेलाचे डाग.

"आबा वाचून दावायचा दुपारी," तो म्हणाला. "त्यो गेल्यापास्नं कोन वाचणारं न्हाई. जाताना एकदा ऐकावं म्हनलं. वाच की त्येवढं."

मी खाली बसलो. पहिलंच पत्रक उचललं आणि वाचायला लागलो. माझीच वाक्यं, बोजड, छापील. 'दुपारी बारा वाजता झाडाची सावली जेथे पडते, तिच्या कडेने वीतभर खोल चर काढावा. खत बुंध्याशी कदापि घालू नये...' इथं मी थांबलो. मी कागद खाली केला.

नूरूमामा डोळे मिटून भिंतीला टेकला होता. "हितंच आबा थांबायचा," तो म्हणाला. "हर टायमाला. चष्मा काढायचा, पुसायचा आन म्हनायचा, 'नूरू, हे माझ्या बाळूनं लिवलंय. साऱ्या जिल्ह्यात असं कुनाला येत न्हाई.' मी म्हनायचो, आरं ठावं हाय रं बाबा, शंभरदा सांगितलंस, म्होरं वाच की. आनि हसायचो मी."

म्हणजे भिंतीपलीकडनं मला ऐकू यायचं ते हसणं हे होतं.

आबांनी मला असं कधी, एकदाही म्हटलं नव्हतं. जे काही म्हणाले ते ह्या खोलीत, ह्या माणसाला. माझ्या बापाच्या तोंडचं माझं कौतुक सगळंच्या सगळं नूरूमामानं ऐकलं, आणि मी भिंतीच्या भेगेतनं चिक्कू बघत बसलो. आतापर्यंतचा सगळा हेवा ह्याच्यापुढं काहीच नव्हता.

वाचून झाल्यावर मी म्हणालो, "मामा, हे बाड मला द्या. आबांची आठवण म्हणून."

त्यानं एकेक कागद नीट लावून घेतला, दोरा गुंडाळला, गाठ मारली.

"न्हाई बा. हे माझं हाय. आबानं मला दिलंय."

"तुम्हाला वाचता येत नाही, मामा."

"नातीला येतंय की," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला स्टँडवर पोचवायला गेलो. ट्रंक टपावर चढवू दिली, पण बाड काही त्यानं हातातनं सोडलं नाही. हुपरीची गाडी हलली तेव्हा तो खिडकीत बसला होता, दाढीत कापसाचा एक तुसा, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेले माझे पिवळे कागद.